विलायती गाडीची खांदशेकणी

मला चालत्या गाडीत झोप लागत नाही. एसटी असो, कुणाची मोटार असो, नाहीतर वऱ्हाडाची ट्रॅव्हल्स असो. बाकीचे तोंड उघडं टाकून घोरत असतात आणि मी कान टवकारून बसलेली. हा आवाज मघाशी नव्हता, आता कुठून आला? ब्रेक दाबताना कुई का झालं? नवरा म्हणतो, तुझ्यासोबत प्रवास करणं म्हणजे आजारी माणसाच्या उशाशी बसणं. त्याला काय जातं म्हणायला. त्याचा बाप शेतकरी होता, माझा बाप ड्रायव्हर.

आमचा तांडा दिग्रसपासून जवळ. माझं सासरही शेजारच्याच तांड्यात, त्यामुळे माहेर सुटलं असं कधी झालंच नाही. आमचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर हिंडायचे. आता सगळे आपापल्या शेतात कापूस-सोयाबीन लावून एका जागी बसलेत. बसलेत म्हणायचं इतकंच, बूड कुणाचं टेकत नाही. बाचं तर मुळीच टेकलं नाही. त्यानं ऐन जवानीत जीप घेतली आणि दिग्रस-पुसद रस्त्यावर सवाऱ्या वाहिल्या. जीप आपल्याच देशात बनलेली. आत माणसं, मागच्या फळीवर लोंबकळणारी माणसं, पायाशी कोंबड्या आणि सरकीची पोती. सवारीचा धंदा केव्हाच बंद पडला, जीप मात्र अजून अंगणात उभी आहे. बा रोज सकाळी चहाच्या आधी ती चालू करून बघतो.

भाऊ माझ्याहून धाकटा. शिकला, पुण्याला गेला, तिथलाच झाला आणि मध्यंतरी त्यानं विलायती गाडी घेतली. नुसतं नाव विलायती असं नव्हे. अख्खी गाडी तिकडे तयार होऊन जहाजातून आलेली. ती घेऊन तो पहिल्यांदा आला तेव्हा निम्मा तांडा बघायला जमला. आमच्या पांदण रस्त्यावर गाडीचं पोट घासलं आणि भाऊ असा कळवळला की त्याचंच सोललं असावं. मग बानं जीप काढली, पुढे राहिला आणि चाकोरी दाखवत दाखवत त्या पाहुणीला अंगणापर्यंत आणलं. त्या दिवशी बा जितका खूश होता तितका मी त्याला नातवंडं झाली तेव्हाही पाहिला नव्हता.

तेव्हापासून दर भेटीला बापलेकांचा एकच विषय, भरवशाची गाडी कोणती. घरात आम्ही बंजाऱ्यांची गोरबोली बोलतो, पण ती लिहिली तर बाहेरच्यांना कळायची नाही, म्हणून त्यांची भांडणं वऱ्हाडीत सांगते.

भाऊ म्हणायचा, "बा, घेतल्यापासून एकदाबी बंद नाई पडली ही. नुसती सर्व्हिसिंगले जाते. तुह्या जीपचं तं दर आठवड्याले काही ना काही असते."

"असते नं," बा म्हणायचा. "पण मी दुरुस्त करतो अन् घरी येतो. तुही बंद पडली तं तू काय करशीन? जहाजाची वाट पाहशीन?"

माझं मत कुणी विचारत नसे. विचारलं असतं तर सांगितलं असतं की माझा दोन्हींवर विश्वास नाही. जीप बिघडली की बोंबलते आणि विलायती बिघडली की इंग्रजीत लिहून कळवते. तुम्ही मात्र दोन्ही वेळी रस्त्यातच असता.

जीपचे आजार मला तोंडपाठ होते. पंख्याचा पट्टा तुटला की बा नायलॉनची दोरी पिळून बांधायचा आणि पुढच्या गावापर्यंत न्यायचा. सेल्फ लागला नाही की सवाऱ्या उतरून ढकलायच्या. पैसे देऊन बसलेली माणसंही तक्रार न करता ढकलायची. आणि रेडिएटर गळायला लागला की हळद. सीटखाली हळदीचा डबाच असायचा. मूठभर हळद रेडिएटरच्या पाण्यात टाकायची आणि इंजिन चालू करायचं. हळद पाण्याबरोबर फिरत फिरत भोकाशी जाऊन बसते आणि गळती थांबते. थांबते म्हणजे बहुतेक वेळा थांबते. बाचा हळदीवर जेवढा विश्वास होता तेवढा डॉक्टरवरही नव्हता.

तर गोष्ट गेल्या पोळ्याची.

माझी मुलगी बारावी झाली होती आणि तिला ढोरांची डॉक्टर व्हायचं होतं. माणसांची का नाही, असं सगळ्यांनी विचारून झालं. ती म्हणायची, माणसं ऐकत नाहीत. तिचा नंबर पहिल्या यादीत लागला नाही, दुसऱ्या यादीतही लागला नाही. घरात मी येरझारा घालायची आणि ती गोठ्याशी बसून मोबाइल बघायची. मग शेवटच्या यादीत लागला, नागपुरात. अस्सल कागदपत्रं घेऊन स्वतः हजर व्हायचं, पोळ्याच्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत. नाही झालात तर जागा पुढच्या नंबराला गेली.

"पोळ्याच्या दिवशी कचेरी उघडी राहीन?" बानं विचारलं.

"मुंबईत बसून तारीख ठरवली त्याईनं," भाऊ पुण्याहून फोनवर म्हणाला. "त्याईले कायचा पोळा?"

मुलगी म्हणाली, "मी आदल्या दिवशीच एसटीनं जातो. मैत्रिणीच्या होस्टेलवर झोपतो अन् सकाळी जाऊन येतो." आमच्याकडे पोरी अशाच बोलतात, जातो, येतो.

सगळ्यांनी मिळून तिला गप्प केलं. घरात दोन दोन गाड्या असताना पोरीनं एसटीत लोंबकळत जायचं म्हणजे काय. भाऊ पोळ्यासाठी येणारच होता, तो नेईल. बा म्हणाला, जीप आहे, मी नेतो. मी म्हटलं, एकटीनं तर जायचं नाहीच. सर्वांत मोठ्यानं मीच म्हटलं.

शेवटी विलायती गाडी ठरली. भावानं एसीचं कारण काढलं, पोर दमेल म्हणाला. बा सोबत येणार म्हणून अडून बसला. नवरा मात्र येणार नव्हता. पोळ्याला घरचा माणूस बैलांसोबत लागतो. बैल सजवायचे, तोरणाखाली न्यायचे. ते दुसऱ्याच्या हाती कसं द्यायचं.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांची खांदशेकणी असते. वर्षभर जू ओढून बैलाचा खांदा सोलून निघालेला असतो. तो पळसाच्या पानानं कोमट तूप-हळद लावून शेकायचा आणि बैलाला रीतसर जेवणाचं आमंत्रण द्यायचं. आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. हे आवतन मिळाल्याशिवाय बैल दुसऱ्या दिवशीचा घास कसा खाणार, असं बा विचारतो, आणि त्याचा प्रश्न खराच असतो. त्याच्याकडे बैल उरले नाहीत. कंबर गेल्यावर त्यानं जोडी विकली. पण पोळा चुकवायचा कसा, म्हणून तो दरवर्षी जीपची खांदशेकणी करतो. बॉनेटच्या दोन्ही बाजूंना, जाळीला, पुढच्या चाकांच्या वरच्या पत्र्याला. तांड्यातली पोरं आधी हसायची, आता हसत नाहीत.

त्या संध्याकाळी भाऊ आत फोनवर बोलत होता. मी बाच्या अंगणात भाजी निवडत बसले होते. बानं जीप उरकली आणि वाटी घेऊन विलायती गाडीपुढे उभा राहिला. बराच वेळ तो तिच्याभोवती फिरला. त्याला तिचा खांदा सापडेना. सगळीकडून गुळगुळीत, ना जाळी ना कोपरा.

"हिचा जोर कुठं असते वं?" त्यानं मला विचारलं.

"मले काय माहीत, बा."

मग त्याची नजर नाकावरच्या मोठ्या चकचकीत बिल्ल्यावर गेली. "हिथंच असंन," तो म्हणाला आणि उरलेली सगळी तूप-हळद त्यानं त्या बिल्ल्यावर थापली. पळसाच्या पानानं कडेकडेनं नीट दाबून बसवली. हात जोडले. "परकी असली तं काय झालं. आपल्या दारात उभी हाये नं. आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

मला ते पाहून बरं वाटलं हे लपवत नाही. इतकी वर्षं ज्या गाडीला नावं ठेवली तिलाही हा माणूस उपाशी ठेवायला तयार नव्हता. सकाळी भावानं ते पिवळं लेपण पाहिलं आणि फडकं शोधायला लागला. मीच म्हटलं, राहू दे, बाला वाईट वाटेल. तोही मान हलवून गाडीत बसला.

निघताना बानं विलायती गाडीच्या डिकीत पाण्याची कॅन, दोरी आणि पान्यांची पिशवी ठेवली. भावानं डोळे फिरवले. नवऱ्यानं मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि बैल धुवायला निघून गेला. अमावास्येला प्रवास नको असं माझ्या सासूनं दोनदा सुचवलं होतं. मी मानत नाही, पण दिग्रस येईपर्यंत मनात तेच घोळत होतं.

रस्ता रिकामा होता. दोन्ही बाजूंना कपाशी कमरेएवढी वाढलेली, मधूनच एखादा माणूस बैलांची जोडी नाल्यावर धुवायला नेताना दिसायचा. गाडीत आवाज म्हणून नव्हता. मला तेच नको होतं. जीपमध्ये निदान कळतं तरी की चाललंय. इथे इंजिन चालू आहे की नाही हे काट्याकडे बघून ठरवायचं. मी मागच्या सीटवर बसून घड्याळ बघत होते, मग फाइल उघडून कागद बघत होते, मग परत घड्याळ.

"आई, तेच कागद हायेत," मुलगी म्हणाली. "बदलत नाईत ते."

दारव्हा मागे पडलं. थोडं पुढे गेलो असू, आणि रस्त्यावर चिटपाखरू नसताना गाडीनं आपला आपण कचकन ब्रेक मारला. माझं डोकं पुढच्या सीटवर आदळलं. फाइल खाली पडून कागद पायांत पसरले. भाऊ ओरडला, "मी नाई दाबला!" गाडीत टिंगटिंग सुरू झालं आणि समोरच्या पडद्यावर लाल अक्षरं उमटली. पुढची यंत्रणा चालत नाही, गाडी सुरक्षित जागी थांबवा, कंपनीशी संपर्क करा, असा त्याचा मतलब. भावानं गाडी रस्त्यापलीकडच्या निंबाखाली घेतली आणि बंद केली.

"तशीच चालव," बा म्हणाला. "चाकं तं फिरून राह्यली नं?"

"बा, थांबा म्हणून लिवलं हाये. उद्या घाटात असा ब्रेक लागला अन् मागून ट्रक आला तं?"

"बॉनेट उघड मंग."

भावानं उघडलं. आत सगळं काळ्या प्लॅस्टिकच्या झाकणाखाली. बा वाकून बघत राहिला, एखाद्याच्या घरी जावं आणि दार बंद दिसावं तसा. "इंजिन कुठाय?" त्यानं विचारलं. 

भाऊ कंपनीच्या नंबरवर फोन लावत होता. हे बटण दाबा, ते बटण दाबा, मग गाणं. मी दारव्ह्याच्या ओळखीच्या मिस्त्रीला फोन केला. मागे बैलांच्या घुंगरांचा आवाज. तो म्हणाला, "बाई, आज पोळा हाये, बैल रंगवून राह्यलो. उद्या या नं." बाला म्हटलं, तांड्यावरून जीप मागवू. कुणीतरी घेऊन येईल. बानं खिशातून हात बाहेर काढला. जीपची चावी त्याच्याजवळ होती. ती तो कधीच घरी ठेवत नाही.

ऊन वाढलं. मी रस्त्याच्या कडेनं शंभर पावलं जायची आणि परत यायची. आता निघालो तर किती वाजता पोचू, अर्ध्या तासानं निघालो तर किती, हा हिशेब डोक्यात थांबेना. मुलगी निंबाच्या मुळाशी बसली होती. तिनं खाली पडलेले कागद परत क्रमानं लावले आणि फाइल छातीशी धरून आमच्याकडे बघत राहिली.

आणि बापलेकांनी परत तेच सुरू केलं.

"जीप आणली असती तं आता यवतमाळ पार झालं असतं."

"तुही जीप कळंबच्या चढाले उकळली असती, बा."

"माह्या जीपनं आजवर कोणाले रस्त्यात टाकलं नाई. एकाले विचार, दिग्रसात विचार, पुसदात विचार."

तेव्हा माझं डोकं फिरलं. ऊन, भूक, घड्याळ, सगळं एकदम चढलं.

"मले विचार नं," मी म्हटलं. "मले टाकलं होतं, बा."

तो माझ्याकडे बघत राहिला. त्याला खरंच आठवत नव्हतं. मला तर ते इतकं आठवतं की सांगायला लागले की त्या दिवसाचं ऊनसुद्धा डोळ्यांवर येतं.

मी बारावी झाले तेव्हा डीएडला माझा नंबर लागत होता. तांड्यातली पहिली शिकवणारी बाई झाले असते. यवतमाळला कागद घेऊन बोलावलं होतं. बानं जीप धुतली, मला पुढे बसवलं आणि वाटेत चार सवाऱ्याही घेतल्या, कारण रिकामी जीप नेणं त्याला जमतच नसे. याच रस्त्याला रेडिएटर फुटला. बानं हळद टाकली, गळती थांबेना. परत टाकली. जवळच्या विहिरीवरून पाणी आणलं. सवाऱ्या उतरून आपापल्या वाटेनं गेल्या. माझ्यासमोरून एक एसटी गेली. मी बाच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, बस, होतेच आता. दुसरी एसटी गेली तेव्हाही तो तेच म्हणाला. मी बसून राहिले. शेवटी हळद बसली, जीप चालू झाली आणि आम्ही यवतमाळला गेलो, तर कचेरीला कुलूप. दुसऱ्या दिवशी त्या जागी दुसरीचं नाव होतं. पुढच्या उन्हाळ्यात माझं लग्न झालं.

बानं तांड्यावर येऊन सांगितलं होतं, रेडिएटर पार फुटला होता, तरी गाडी घरी आणली. लोकांनी वाहवा केली. गाडी घरी आली होती, ते खरंच होतं.

हे मी सगळं बोलून टाकलं, भर रस्त्यात, मोठ्यानं. भावानं कानाचा फोन खाली घेतला. बा निंबाला टेकला.  मला वाईट वाटलं, आणि थांबावंसंही वाटलं नाही. "मी तिथं बसून राह्यली, बा. काहून बसून राह्यली? तू बस म्हटलं म्हणून."

त्याच वेळी मागे ब्रेकचा तो ओळखीचा कर्कश आवाज झाला. वळून पाहिलं तर रस्त्याच्या पलीकडच्या कडेला यवतमाळला जाणारी एसटी उभी, आणि तिच्या दारात माझी मुलगी. एक पाय पायरीवर, पाठीला पिशवी. ती केव्हा उठली, केव्हा रस्ता ओलांडला, केव्हा हात केला, आमच्यापैकी एकालाही कळलं नव्हतं.

"आई, जातो मी," ती ओरडली.

मी धावले. थांब म्हणायचं होतं, मी येते म्हणायचं होतं, पर्स गाडीत होती, चप्पल निंबाखाली काढलेली. कंडक्टर म्हणाला, "बाई, चढता का? चला लवकर." तोंडातून भलतंच निघालं.

"फाइल घेतली?"

"घेतली."

कंडक्टरनं घंटी मारली. बस निघाली. मी अनवाणी डांबरावर उभी राहिले. तळवे भाजायला लागले तेव्हा कडेला आले.

भावाचा फोन तेवढ्यात लागला. पलीकडचा माणूस हिंदीत विचारत होता, साहेब, पुढचा बिल्ला स्वच्छ आहे का? त्या बिल्ल्याच्या मागे गाडीचा डोळा असतो. त्यावर चिखल वगैरे बसला की गाडीला समोर काहीतरी आहे असं वाटतं. भाऊ पुढे गेला. आम्हीही गेलो. बिल्ल्यावर तूप-हळदीचा जाड थर, त्यावर रस्त्याची धूळ आणि वाटेत चिकटलेले किडे. भावानं बाच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, कारण पुसू नको म्हणणारी मी होते.

बा पुढे आला आणि धोतराच्या सोग्यानं बिल्ला पुसायला लागला. तूप निघता निघेना. कॅनमधलं पाणी ओतलं, परत पुसलं. "दिवसभर ओढणार होती," तो बिल्ल्याकडे बघूनच म्हणाला. "खांदा नको शेकाले?" भाऊ चिडलेलाच आत जाऊन बसला. गाडी चालू केली. लाल अक्षरं गेली होती. काहीच झालं नव्हतं तशी ती बिनआवाजी उभी होती.

"चला," भाऊ म्हणाला. "त्या एसटीले आत्ता गाठू. उतरवून घेऊ तिले."

गाडी भन्नाट होती यात वाद नाही. यवतमाळच्या अलीकडेच बस दिसली. मुलगी सगळ्यांत मागच्या सीटवर होती. तिनं आम्हाला पाहिलं आणि हसली. मी फोन लावला.

"झाली दुरुस्त?" तिनं विचारलं.

"झाली. यवतमाळले उतर. घेतो तुले."

"नको."

"अवं काहून नको? एसी हाये, लवकर पोचशीन."

"अन् परत बंद पडली तं?" ती म्हणाली. "ही बंद पडली तं मागून दुसरी येते. यवतमाळले नागपूरची गाडी लागलेलीच असते, मी पाहून ठेवलं होतं. तुम्ही या मागून."

भाऊ हॉर्न वाजवायला लागला. पुढे घालून बस अडवतो म्हणाला. बा त्याच्या शेजारून म्हणाला, "नको अडवू." भावानं हॉर्नवरचा हात काढला. थोड्या वेळानं तोच परत म्हणाला, "जाऊ दे तिले. मी हिले बसवून ठेवलं होतं."

 मी खिडकीकडे तोंड केलं. इतक्या वर्षांत मला काय ऐकायचं होतं ते मला तोपर्यंत ठाऊकही नव्हतं. ऐकल्यावर हलकं वाटायला हवं होतं, पण मी नुसती रडत राहिले आणि भाऊ आरशातून न बघितल्यासारखं करत राहिला.

यवतमाळला ती उतरून दुसऱ्या बसमध्ये चढलेली मी लांबून पाहिली. पुढे त्या बसच्या मागेमागे आम्ही नागपूर गाठलं. विलायती गाडी एसटीच्या धुरात, एसटी थांबली की थांबायची, निघाली की निघायची. भावाला पुढे जायचा धीर नव्हता आणि मला मागे राहायचा. बस एखाद्या फाट्यावर रेंगाळली की मी घड्याळ बघायची. शहरात शिरल्यावर सिग्नलला बस निसटली. मग रस्ता विचारत, चुकत, परत फिरत आम्ही कॉलेजच्या फाटकाशी पोचलो तेव्हा पाच वाजायला थोडा वेळ होता आणि मी फाटकातून धावत सुटले.

ती व्हरांड्याच्या पायरीवर बसून केळं खात होती. फाइल मांडीवर, हाताच्या बोटाला शाई. काम होऊन बराच वेळ झाला होता.

मी तिच्या शेजारी बसले. धाप लागली होती. म्हटलं, "भ्या नाई वाटलं तुले?"

"वाटत होतं नं," ती म्हणाली. "गाडीत. तुम्ही तिघं मले पोचवून राह्यले होते. बसमध्ये मी जाऊन राह्यली होती."

बा आणि भाऊ मागून येत होते. बा फाटकाशी थांबून इमारत न्याहाळत होता, टोपी हातात घेऊन. मुलीनं सालं कागदात गुंडाळली आणि उठली.

"सोमवारपासून वर्ग हायेत," ती म्हणाली. "मी एसटीनं येईन. सामान थोडंच हाये. तू सोडाले येऊ नको, आई."

मी बरं म्हटलं. तिला ऐकूच गेलं नाही, म्हणून परत एकदा म्हणावं लागलं.